भिंतीपलीकडचं अख्नशीन

एडिंबरा,
५ मार्च १९८४

ती. फार्करमामांस,
इश्बेलचा सा. न. वि. वि.

हे पत्र रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर दोष तुमचा.

आईचं पत्र सकाळी आलं. तुम्ही माळ्याच्या शिडीवरून पडलात, आणि टपाल वाटणारी जीन दाराशी आली नसती तर तसेच पडून राहिला असता, हे मला आईकडून कळावं? तुमच्या पत्रात नुसतं होतं की इकडे हवा बरी आहे आणि गुडघा जरा कुरकुरतो. मामा, कुरकुरणारा गुडघा कोणी प्लास्टरमध्ये घालत नाही.

आई तुमच्या भिंतीला भिंत लावून राहते. तिला कसं कळलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणते, भिंत हातभर जाड दगडाची आहे, आणि शिवाय माझ्या भावाने हाक मारलीच नसणार. माझी मदत घेण्यापेक्षा त्याला जमीन बरी वाटली असेल. खरं का हे?

डॉक्टर ऑर काय म्हणाले तेही तिने लिहिलं आहे. तुम्ही बरे आहात की पडला आहात, हे रोजच्या रोज कळणारं कोणी नसेल, तर ऑगस्टमध्ये डिंगवॉलच्या वृद्धाश्रमात जागा रिकामी होते आहे, तिथे तुम्ही जायचं. मला हे मुळीच पटलेलं नाही. माणसाने म्हातारपण कुठे काढायचं हे त्याचं त्याने ठरवावं, हे माझं ठाम मत आहे. आणि माळ्यावर तुम्ही हाताने केलेल्या छोट्या अख्नशीनचं काय? एक पलंग आणि एक कपाट एवढ्या खोलीत आख्खं रेल्वे स्टेशन कुठे मांडणार तुम्ही?

उलट टपाली खरं खरं लिहा. लोभ असू द्या, निदान हट्टाइतका तरी.

आपली भाची,
इश्बेल

————

लॉखकॅरन,
१३ मार्च

चि. इश्बेल, एम. ए., हिस
अनेक आशीर्वाद.

पदवी मुद्दाम लिहिली. आपल्या घराण्यात पहिल्यांदाच आली आहे, वापरात ठेवली नाही तर गंजेल.

तुझ्या आईला मी हाक मारली नाही हे खरं आहे. मारली असती तर तिने मला उचललं असतं आणि वर्षभर ऐकवलं असतं. जीनने उचललं आणि फक्त गावभर सांगितलं. त्यातल्या त्यात स्वस्तात सुटलो.

गुडघ्याचं सोड. दुखणं वेगळं आहे. शिडी चढायची नाही असं डॉक्टर ऑर यांनी बजावलंय, आणि माझं अख्नशीन वर माळ्यावर आहे. ज्या केबिनमध्ये मी उभं आयुष्य सिग्नल ओढले ती केबिन, दोन्ही फलाट, फलाटाला लागून असलेलं हॉटेल, सगळं वाफेच्या इंजिनांच्या काळात होतं तसं. खडीसुद्धा खऱ्या लाइनीवरची, कुटून चहाच्या गाळणीतून चाळलेली. तुझ्या आईची गाळणी होती, तिला सांगू नकोस.

खाली का आणत नाही, असं विचारशील. स्टेशन वर गेलं तेव्हा ते स्टेशन नव्हतं, फळ्या होत्या. एकेक फळी माळ्याच्या तोंडातून आत घेतली, आत जोडली, खिळे ठोकले, डिंक ओतला, वर डोंगर बसवले. उतरवायचं कसं हे एकदाही मनात आलं नाही. सगळं आयुष्य गाडी आत घेण्याआधी ती बाहेर कशी पडेल हे पाहण्यात गेलं, आणि घरी हे असं.

सुतार म्हणतो, मधोमध कापा. मी म्हटलं, त्यापेक्षा तुझा कान काप. तेव्हा आता असं ठरवतो आहे की स्टेशन उंदरांना द्यावं, एक इंजिन मोज्यात गुंडाळून घ्यावं आणि डिंगवॉलला जावं. शिडीखाली खुर्ची टाकून बसलो की माळ्याच्या तोंडातून डोंगराची एक कड दिसते. तेवढीच.

इकडची काळजी करू नये. केलीस तरी टपालखर्च वाढवू नये.

तुझा,
फार्करमामा

————

एडिंबरा,
१७ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कापायचं नाही. मी स्पष्ट सांगते. लहानपणी मला तुम्हीच शिकवलंत की एखादी गोष्ट खरी करायची तर पूर्ण खरी करायची. खरं अख्नशीन अखंड आहे, मग तुमचंही अखंड राहिलं पाहिजे.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंचे यजमान इंजिनिअर आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, छपराची एक बाजू उकलून क्रेनने स्टेशन वर उचलता येईल आणि अंगणात ठेवता येईल. अंगणात पाऊस पडतो हे मी त्यांना सांगितलं. ते लॉखकॅरनला कधी आलेले नाहीत, त्यामुळे त्यांना पाऊस म्हणजे काय ते नीट समजलं नाही.

मी कौन्सिललाही पत्र लिहिलं आहे, की एका निवृत्त रेल्वे कामगाराने हाताने केलेला हा इतिहास गावाची ठेव आहे. उत्तर आलं नाही. येईल. तोवर उंदरांना काही देऊ नका.

रागावला नसाल अशी आशा आहे. मी मात्र अजून थोडी रागावलेलीच आहे.

इश्बेल

————

लॉखकॅरन,
२४ मार्च

चि. इश्बेल हिस
आईचे आशीर्वाद.

तुझं कौन्सिल आलं होतं. रेनकोट घातलेला एक मुलगा. त्याने छप्पर पाहिलं, तुझा मामा पाहिला, माझे दोन स्कोन खाल्ले आणि गेला. तो परत यायचा नाही.

फार्कर दिवसभर त्या शिडीखाली मान वर करून बसतो. लापशी नेली तर म्हणतो, मीठ कमी. जास्त घातलं तर म्हणतो, समुद्र इथून जवळच आहे, घरात कशाला आणलास. म्हणजे तब्येत बरी आहे. पण परवा एकही खोड न काढता सगळी खाल्ली. ते मला आवडलं नाही.

म्हणून मीच वर चढले. हो, या वयात, ॲप्रन बांधून. एवढी वर्षं तो वर काय खुडबुड करतो हे कधी पाहिलं नव्हतं. इश्बेल, मी जरा वेळ तिथेच बसले. हॉटेलच्या खिडकीत पडदे आहेत गं. गेअरलॉखला जाणारी टपालाची मोटार उभी आहे. हॉटेलच्या छपराची एकेक कौलं पाहिली, तर ती आपल्या चर्चच्या मासिकाच्या पुठ्ठ्याची. मासिकं मी त्याला वाचायला दिली होती.

आणि फलाटाच्या टोकाला एक बाई आहे, नखाएवढी, निळ्या कोटातली, कमरेवर हात ठेवून गार्डाला झापते आहे. खाली येऊन विचारलं ही कोण, तर म्हणाला, सगळ्याच स्टेशनांवर अशी एक असते. नाक माझंच आहे. मी म्हटलं, मी इतकी जाड नाही. तो म्हणाला, रंगाचे थर जास्त बसले.

ते उंदरांना द्यायचं नाही. कापायचं तर कापा, पण खाली आणा. शाळेला सुट्टी लागली की ये, आणि येताना तुझे सिद्धांत तिकडेच ठेवून ये.

आई

————

लॉखकॅरन,
२ एप्रिल

चि. इश्बेल हिस
अनेक आशीर्वाद.

तुझी आई वर जाऊन आल्यापासून मला झोप नाही. तिला नाक सापडलं म्हणून नव्हे. तिने खाली येऊन मला विचारलं, की एवढ्या एकेरी लाइनीवर समोरासमोर गाड्या येतात, त्या एकमेकींवर आदळत कशा नव्हत्या? माझी बहीण, जन्मभर रेल्वेवाल्याच्या शेजारी राहिली, आणि हा प्रश्न आत्ता.

मी सांगितलं. अख्नशीनच्या पूर्वेचा रूळ वेगळा आणि पश्चिमेचा वेगळा. प्रत्येक भागाचं एकच टोकन, चामड्याच्या पिशवीत, वर मोठं कडं. ते हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने इंचभर हलायचं नाही. अख्नशीनला आला की जुनं टोकन मला द्यायचं आणि पुढचं माझ्याकडून घ्यायचं. दोन्हीकडच्या गाड्या तिथे भेटायच्या, मी दोघांची कडी बदलून द्यायचो, आणि मग दोघी आपापल्या वाटेला.

सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. इश्बेल, तू म्हणतेस खरं अख्नशीन अखंड आहे. ते कधीच अखंड नव्हतं. एक भाग तिथे संपतो आणि दुसरा तिथे सुरू होतो. रूळ सलग दिसतो तो प्रवाशाला. केबिनवाल्याला दिसतो तो जोड, आणि तो जोड माणसाच्या हातावर चालतो.

तेव्हा कापू. जिथे मी कडं हातात द्यायचो, बरोबर तिथे. मला चढता येत नाही. करवत तुझ्या हातात राहील. बारीक दातांची आण, आणि एम. ए. असल्यासारखी नव्हे, सुतार असल्यासारखी चालव.

तुझा,
फार्करमामा

————

एडिंबरा,
१ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. केसांतून अजून भुसा निघतो आहे. काल वर्गात एका मुलीने विचारलं की बाई, तुमच्या डोक्यात काय पडलं. मी म्हटलं, स्टेशन.

खालून तुम्ही सारखं हळू, हळू म्हणत होतात, तेव्हा मी थांबले होते. करवतीमुळे नव्हे. रूळ कापला गेला तो आवाज मला आवडला नाही. पण दोन्ही टोकं पितळी स्क्रूंना डाग देऊन पक्की केली, आणि अर्धा अर्धा भाग माळ्याच्या तोंडातून उतरला, तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठून टोपी काढलीत. तेवढ्यासाठी मी सगळे सिद्धांत मागे घेते. बहुतेक सगळे.

पण मामा, आपण पुन्हा तेच केलं. उतरेल का हे पाहिलं, मावेल का हे पाहिलंच नाही! तुमच्या खोलीत जेमतेम पूर्वेचा भाग बसला. हॉटेलकडचा भाग आईच्या बैठकीत भिंतीला टेकवून ठेवला, तो तात्पुरता, असं तिला सांगितलं आहे. ती बैठक पाद्री येतात तेव्हाच उघडते, हे तुम्हाला माहीतच आहे. ऑगस्टची चिंता तर आहे तिथेच आहे. डॉक्टर ऑर यांचा निरोप आला का? माझ्यापासून लपवू नका.

लोभाचा माझा वाटा अर्धा कापू नये.

इश्बेल

————

लॉखकॅरन,
२१ मे

चि. इश्बेल हिस
अनेक आशीर्वाद.

एक बातमी आहे. बसून वाच.

तुझी आई रोज येऊन तक्रार करायची, की तिच्या बैठकीत हॉटेल आहे, फलाट आहे, मोटार आहे, पण गाडी म्हणून येत नाही, असल्या स्टेशनाचा उपयोग काय. मी म्हटलं, गाडी माझ्याकडे आहे आणि मध्ये भिंत आहे. दुसऱ्या दिवशी ती सुताराला घेऊन आली आणि म्हणाली, पाड भोक.

दोघांनाही वेड लागलं असं गावात ठरलं आहे. सुताराच्या दोन छिन्न्या मोडल्या. पण आता गाडी तिच्या घरात जाते. थांबली की इंजिन हॉटेलसमोर आणि गार्डाचा डबा माझ्या खोलीत.

तू लिहिशील की खऱ्या अख्नशीनला बोगदा नाही. खऱ्या अख्नशीनला तुझी आई डोलीनाही नव्हती. आता आहे, आणि नियमाने आहे. पुढच्या केबिनला विचारल्याशिवाय मी गाडी सोडत नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून भिंतीतून तार ओढली, दोन्हीकडे घंटा बसवली. सकाळी मी केबिन उघडल्याची घंटा द्यायची, तिने उलट द्यायची, मग दिवस सुरू. टोकन म्हणून तिने पडद्याची कडी घेतली आहे. ती तिच्याकडेच असते. चहाच्या वेळी मागितली तर मिळत नाही. परवा माझी टपालगाडी तिच्या सिग्नलला ताटकळली, कारण बाईसाहेब केक भाजत होत्या. नोकरीत असं कोणी केलं असतं तर मी वर कळवलं असतं. आता वर कोणाला कळवायचं? वर तीच आहे.

डॉक्टर ऑर यांचा निरोप आला आहे. जागा माझ्या नावाने धरून ठेवली आहे म्हणे. नको म्हणायला माझ्याकडे कारण नाही.

तुझा,
फार्करमामा

————

लॉखकॅरन,
९ जुलै

चि. इश्बेल हिस
आईचे आशीर्वाद.

आधी हे वाच, की फार्कर ठीक आहे. आता बाकीचं.

गेल्या मंगळवारी सकाळी त्याची घंटा आली नाही. मला वाटलं, माझ्यावर रुसला असेल, कारण आदल्या दिवशी मी त्याची मालगाडी अडवून ठेवली होती. मी माझी घंटा दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. मग चुलीवरची लापशी तशीच टाकून गेले. न्हाणीघरात घसरून पडला होता, थंडीने निळा. हाडबीड काही मोडलं नव्हतं. मला पाहून पहिलं वाक्य काय बोलला असेल? गाडीला उशीर झाला.

डॉक्टर ऑर आले. तपासून झाल्यावर, कोणाला आणि किती लवकर कळलं, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना माझ्या बैठकीत नेलं. घंटा दाखवली, भिंतीतलं भोक दाखवलं, कडी दाखवली. त्यांनी वाकून हॉटेलाचे पडदे पाहिले. मग म्हणाले, त्यांच्या अर्ध्या रोग्यांवर इतकं लक्ष कोणाचंच नसतं, अगदी वृद्धाश्रमातसुद्धा नसतं. डिंगवॉलची जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी दिली. जाताना एकदा गाडी सोडून बघू का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. टोकन फार्करकडे नव्हतं आणि तो पांघरुणात होता. नियम म्हणजे नियम.

भोक आणि घंटांबद्दल तू मागच्या पत्रात म्हटलंस, हे किती सुंदर झालं, यावर शाळेत मुलींना सांगणार आहे. सांग, पण माझं नाव घालू नकोस. आणि असं वाटून घेऊ नकोस की मी त्या खेळात रमले. मला फक्त तो मेला तर कळायला हवं, एवढंच.

एक गोष्ट राहिली. रविवारी माझ्या घरात गाडी चालणार नाही, घंटाही वाजणार नाही, हे मी त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं. देवाचा दिवस आहे. फार्करने कुरबुर केली, पण मानलं. मग रविवारी तो उठला की नाही हे कसं कळणार? त्यावर उपाय नव्हता. म्हणून रविवारी मी कोट घालून स्वतःच चालत त्याच्या दाराशी जाते, चर्चच्या आधी. तो आतून ओरडतो की ही गाडी वेळापत्रकात नाही, विचारल्याशिवाय आत घेता येणार नाही. मी तशीच आत शिरते.

तुझ्या मामाची लापशी आता निवत असेल. पुरे करते.

आई