अर्ध्या खाचेवरचा घोडा

हॅनकॉक, मिशिगन
रविवार

प्रिय रेनो,

आधी बस. उभ्याने वाचू नकोस. मी परवापासून नीट बसलेली नाही, निदान तू तरी बस. मी बाबांची बंदूक विकत घेतली. हो, तीच. अष्टकोनी नळीची, दस्त्यावर बाबांनी हरीण कोरलेली. शिव्या नंतर दे. ओहायोच्या एका म्हाताऱ्याने जाहिरात टाकली होती, 'अतिशय दुर्मीळ' म्हणून. फोटोतलं हरीण बघून माझ्या हातातली टोपलीच पडली. तेव्हा मी चेरी तोडायला होते. त्याआधी बोटीवर भांडी घासत होते, तिथला आचारी असा वल्ली होता की... ते असू दे. सगळी कमाई त्या बंदुकीत घातली. हेतू एकच, सुपीरियर सरोवराच्या मधोमध नेऊन तिला बुडवायची. तिने बाबांचा जीव घेतला, तुला घरातून घालवलं, आणि ती मात्र कुणाच्या तरी भिंतीवर ऐटीत टांगलेली, हे मला सहन होईना.

बंदूक घरपोच देत नाहीत, म्हणून ती हेल्वीच्या दुकानात आली. आठवते ना हेल्वी, एका फडताळात गळाची गांडुळं, दुसऱ्यात काडतुसं? तिने खोकं उघडलं. दस्ता मानेपाशी मोडलेला, हरणाचं डोकं एकीकडे, धड दुसरीकडे. म्हाताऱ्याने जुन्या पांघरुणात गुंडाळून पातळ खोक्यात कोंबली होती. बुडवायलाच आणलेली वस्तू, पण मोडलेली बघून मला रडू फुटलं. हेल्वी म्हणाली, "रडतेस काय गं, भटके? पार्सलचा विमा आहे की. आत आणखी काय मोडलंय ते बघू दे आधी." तिने म्हाताऱ्याला फोन लावला. तो कळवळून म्हणाला, "बाई, मी तिच्यातून एक गोळी उडवलेली नाही हो. तुमच्याच गावच्या एका विधवेकडून घेतली, भिंतीवर टांगली, ती आत्ता काढली." ती विधवा म्हणजे आपली आई, हे काही मी त्याला बोलले नाही.

हेल्वीने आत गोळी नसल्याची खात्री केली आणि काडतुसावर आदळणारा घोडा मागे ओढून अर्ध्या, म्हणजे सुरक्षित खाचेवर चढवला. तूच मला शिकवलं होतंस, घोडा तिथे अडकला की चाप ओढला तरी पडत नाही. तिने लाकडी हातोडीने बंदुकीला हलकंसं ठोकलं. टक्. घोडा पडला. पुन्हा चढवला, पुन्हा टक्. चापाजवळ तिचं बोटसुद्धा नव्हतं. रेनो, तू तेव्हा हेच सांगत होतास! "मी चापाला हात लावला नव्हता, घोडा अर्ध्यावर होता, बंदूक गाडीच्या पायरीला आपटली आणि उडाली." पंधरा वर्षांचं पोर, घाबरून काहीतरी बोलणारच, असं म्हणाले सगळे. आईसुद्धा.

मी म्हटलं, हेही वाटेतच मोडलं असेल. हेल्वीने घोडा सुटा करून खिडकीशी नेला. दस्त्याचं लाकूड मोडलं होतं तिथे पांढरंशुभ्र, ताजं. खाचेचा तुटका काठ मात्र काळा, जुन्या तेलाने माखलेला, आणि शेजारी कानशीचे ओरखडे. ती हळू आवाजात म्हणाली, "हे ट्रकने नाही केलं, पोरी. चाप हलका व्हावा म्हणून आपले शहाणे घरी बसून कानस मारतात ना, तसलं काम आहे. खाच पातळ झाली आणि तुटली."

घोडा रुमालात बांधून घरी आणला. आई मांस-बटाटा भरायच्या पेस्टीसाठी पीठ मळत होती. मी तो तिच्यापुढे ठेवला, ओरखडे दाखवले, हेल्वी काय म्हणाली ते सांगितलं. तिचे हात पिठातच थांबले. मला वाटलं, ती आता मला झाडणार, घरात हे कशाला आणलंस म्हणून. ती म्हणाली, "याच टेबलाशी कानस घेऊन बसला होता तुझा बाप. शिकारीचा मोसम तोंडावर आलेला. मी ओरडले होते त्याला, लोखंडाचा भुगा माझ्या पिठात उडतोय, बाहेर जाऊन घास काय ते. आणि मी पोराला म्हटलं, तुझंच बोट लागलं असेल." मग ती बसली, तिथेच जमिनीवर, पिठाच्या हातांनी. मीही बसले. आईला एवढी लहान झालेली मी कधी पाहिली नव्हती.

रेनो, तू खरं बोलत होतास. आता घरी ये. तिकडे वाळवंटात तुझं काय अडलंय मला ठाऊक नाही, पण ये. आईने मला बजावलंय, "पत्रात यातलं अक्षरही लिहू नकोस, नुसतं ये म्हणून लिही. हे त्याला माझ्या तोंडून कळायला हवं." आणि मी बघ, सगळंच लिहून बसले. माझ्या पोटात राहीना. तेव्हा आलास की काही ठाऊक नसल्यासारखा वाग. ती आधी भलतंच काहीतरी विचारेल, बसमध्ये जागा मिळाली का, वाटेत बर्फ होतं का. मग अडखळेल. तू मदतीला जाऊ नकोस. तिला बोलू दे.

तुझीच, पोटात काही न राहणारी,
कायसा