भिंगरी गैरहजर

मंगळवार, ८ जानेवारी

नोकरी लागली एकदाची! हजेरी कमी म्हणून कॉलेजने परीक्षेला बसू दिलं नाही, तेव्हा मी तिथल्या साहेबांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून घरी आलो होतो. आता त्याच मला सरकारी शाळेने ठेवलंय — दांडी मारणारी पोरं घरून उचलून आणायला. मामाची ओळख. आई म्हणाली, "शाळेला दुसरं कुणी मिळालंच नाही?" बाबा पेपरामागे नुसते हसले. तेच जास्त झोंबलं.

दुपारपर्यंत पोरांनी बारसं केलं — पोलीस.

गुरुवार, १०

सातवीतली भिंगरी. पटावर वेगळं नाव आहे, पण घरीदारी भिंगरीच. सारखी गायब. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका (आवाजाने भिंतीचा रंग उडावा!), म्हणाल्या, "आता एकही खाडा झाला तर परीक्षेला बसवणार नाही. वर्ष गेलं समजा." डोक्यात तिडीकच गेली. हेच वाक्य मी एकदा ऐकलंय!

दुपारी तरातरा तिच्या घरी गेलो. दार मोठ्या बहिणीने उघडलं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली पहाटेची पाळी संपवून आलेली. ओल्या बाह्या, कपाळाला चिकटलेले केस... मी कशाला आलो होतो तेच विसरलो. "कोण पाहिजे?" म्हणाली. खरं उत्तर दिलं असतं तर पहिल्याच आठवड्यात नोकरी गेली असती.

"पाणी मिळेल?" म्हणालो. प्यायलो. निघालो. शाबास रे वाघा!

सोमवार, १४

पुन्हा पाणी प्यायलो. शाळेत नळ आहे हे तिला माहीत नसावं.

मंगळवार, १५

आज सकाळीच भिंगरीचा माग काढला. दप्तर पाठीला लावून निघाली खरी, पण शाळेचं वळण सोडून सरळ. तिच्या थोडं पुढे एक म्हातारा — खाकी शर्ट, खांद्याला रिकामी चामडी पिशवी. प्रत्येक बसथांब्यावर थांबायचा आणि लोकांवर ओरडायचा, "पुढे सरका, पुढे! मधे जागा आहे!"

भिंगरीला गाठलं तेव्हा कळलं — तिचे आजोबा. घरात ही तिघंच. जन्मभर बसचे कंडक्टर. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण डोकं मागेच कुठल्यातरी थांब्यावर उतरलंय. रोज सकाळी ड्यूटीवर निघतात आणि रस्ता चुकतात. म्हणून ही मागोमाग.

"हाताला धरून घरी ने ना!"

"धरून बघा," भिंगरी म्हणाली.

मी धरलं. म्हाताऱ्याने सणसणीत कानाखाली ठेवून दिली. "विनातिकीट, वर दांडगाई!"

ती पोट धरून हसली. मग माझी बाही ओढली. "ओ पोलीस, ताईला सांगू नका. ती नोकरी सोडेल. मग आम्ही काय खायचं? तुम्ही नुसतं पाणी पिऊन जाता, तुमचं बरं आहे."

शपथ घ्यायला लावली. घेतली.

बुधवार, १६

सांगून टाकलं! गाढव, गाढव, गाढव!

पाण्याचा पेला देता देता ती म्हणाली, "रोज येता, बोलत तर काहीच नाही." झालं. छाती फुगली आणि तोंड सुटलं. वाटलं, म्हणेल, किती काळजी करता हो तुम्ही. तिचा चेहरा पांढराफटक. "मला वाटायचं, मी गेले की आजोबा झोपून असतात. भिंगरी शाळेत असते."

आतून भिंगरी ओरडली, "पोलीस कसले! चोंबडे आहात चोंबडे!"

गुरुवार, १७

ताईने आजोबांना बाहेरून कडी घातली. भिंगरी शाळेत हजर. मोठ्या बाई खूश — "लागलात की हो कामाला!" भिंगरीने दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही. फळ्याकडेही नाही.

दुपारी गेलो. म्हाताऱ्याने सकाळभर दार बडवलं होतं. हात सुजलेले. ती त्यांना शेक देत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्याचा दिवस भरते. मग राजीनामा." पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

शुक्रवार, १८

पहाटेच, ती कामाला निघायच्या आत दारात उभा राहिलो. काय करायचं ते रस्त्यात सुचलं होतं.

"साहेब, डेपो बदललाय. न्यायला आलोय."

म्हाताऱ्याने नखशिखान्त पाहिलं. "तू कोण?"

"ड्रायव्हर."

"गणवेश?"

"धुलाईला टाकलाय."

मागे ती फिस्सकन हसली! देवा, आता कानाखाली आणखी दोन खाल्ल्या तरी चालतील.

मग शाळेची वेळ होईपर्यंत मी तिथेच बसून आजोबांकडून सगळे थांबे पाठ करून घेतले. भिंगरी, आजोबा, मी — वरात निघाली. फाटकाशी शिपायाच्या खुर्चीवर त्यांना बसवलं. मोठ्या बाई गरजल्या, "हे काय? शाळा आहे की धर्मशाळा?"

माझंही टाळकं सरकलं. "बाई, पोरगी हवी तर म्हातारा घ्यावा लागेल! दोघं एकाच तिकिटावर आहेत!"

आता हाकलतात म्हणून मी पिशवी उचललीसुद्धा. तेवढ्यात आजोबा उठले, घंटेची दोरी धरली — ढण्ण! ढण्ण! "चला चला, गाडी सुटली!" कोपऱ्यावर रेंगाळणारी सगळी पोरं धावत आत. शिपाई चहाचा कप घेऊन बघतच राहिला.

बाईंनी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सोमवारी बघू."

मंगळवार, २९

सोमवार गेला, पुढचाही गेला. आजोबा पक्के रुजू झालेत. वेळेवर आलेल्याला वहीच्या जुन्या कागदाचा तुकडा फाडून देतात — तिकीट. उशिरा येणाऱ्याला, "मागची गाडी पकड!" नववीतले दोन टोणगे, ज्यांच्या घरी मी चपला झिजवल्या, ते तिकिटासाठी घंटेआधी हजर! भिंगरीचा एकही खाडा नाही. ताईची नोकरी शाबूत.

आणि मी? कुणाच्या घरी जायला निमित्तच उरलं नाही. स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं!

शुक्रवार, १ फेब्रुवारी

भिंगरी परीक्षेला बसणार. बाईंनी सही केली!

पाळी सुटल्यावर ताई आजोबांना न्यायला आली. फाटकाच्या पायरीवर टेकली. "शाळेत नळ आहे म्हणे. आज मला पाजा पाणी."

पेला तीनदा धुतला.

सोमवार, ४

घंटा झाली. आत सातवीचे पाढे सुरू. मी नेहमीसारखं म्हणालो, "साहेब, गाडी वेळेवर सुटली बरं का."

आजोबांनी मला जवळ बोलावलं. हळूच म्हणाले, "डेपोत कधी पाढे ऐकलेस का रे? शाळा आहे ही. रोज नाही कळत मला. आज कळतंय. भिंगरीला सांगू नकोस. निवांत बसलीय पोर."