सरक गा

अमेरिकेतून, हुडकेश्वरले

तीर्थरूप सौ. आईस, अमोलचा नमस्कार.

मी बरा आहो, वरण-भात रोज शिजवतो. नळाले पाणी येते ना तिकडं?

रविवारी दुपारी इथल्या गावातल्या बेसबॉलच्या मैदानावर गेलो होतो. मोठ्या टीममध्ये जायची वाट पाहणाऱ्या पोरांचा खेळ. छोट्या मैदानाची मजाच वेगळी वं. खेळाडूंचं आपसातलं बोलणंही ऐकू येते. लोक भुईमुगाच्या शेंगा खातात अन् टरफलं पायाशीच टाकतात. तुले चाललं नसतं, बाबाले आवडलं असतं.

खेळ संपत आला की सारे उभे राहून गाणं म्हणतात. गाणं संपलं अन् मागून आवाज आला, "सरक गा, मले बसू दे." बाबाचाच आवाज. मी न पाहताच सरकलो.

मैदान खचाखच भरलं होतं, पण बाकावरची ती जागा शेवटपर्यंत रिकामीच राहिली. निघताना पाहिलं, तर तिच्याखाली ताज्या टरफलांचा ढीग होता.

फोन लावला की तू म्हणते, बाबा झोपले आहेत. काजलताईही तेच म्हणते, तुझ्याच शब्दांत. फोनवर विचारायची हिंमत होत नाही, म्हणून लिहून राहिलो.

वर तुले सौ. लिहिलं. ते बरोबर आहे ना वं?

तुझा,
अमोल