वकिलाविना रिटर्न

ताडकळस,
१६ जून २०२४

चि. दत्तू यास आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहायचं कारण, फोनवर तुला ऐकू येत न्हाई. मी ओरडते, तू नुसतं आं आं करतोस, आन आपल्या घरचं सगळ्या गल्लीला कळतंय. त्यापरीस कागद बरा.

बालाजीनं सोयाबीन पेरलं. सून बरी हाय.

आता कामाचं. तुझे दाजी गेल्यापासून त्यांची पेन्शन माझ्या नावानं येती, आन बँक ठेवीच्या व्याजातनं टॅक्स कापून घेती. म्हणून दरसाल जुलैत तू येतोस, माझी कागदं गोळा करतोस आन परभणीच्या टॅक्सवाल्या वकिलाकडं देऊन रिटर्न भरतोस. पण परवा आपल्या सुनेनं, प्रियांकानं, सांगितलं की सरकारनंच मोबाईलवर सोय केलीय. रिटर्न फुकट भरता येतोय, तेबी घरी बसून. मला लय नवल वाटलं. तू तहसिलीत कारकून होतास, तुला कसं माहीत न्हाई?

तर यंदा तू तकलीफ घेऊ नको. गुडघा दुखतोय, जिंतूरहून यायचं म्हणजे परभणीला एसटी बदलायची, कशाला? वकिलाकडनं पासवर्ड तेवढा मागून घे. बाकी मी बघते. सातवी पास हाय, अंगठा लावत न्हाई.

जेवतोस का? वहिनी गेल्यापासून निस्त्या चहावर राहतोस असं ऐकलं.

माया हाय तशीच राहू दे.

तुझी
आक्का


जिंतूर,
२१ जून २०२४

ती. आक्कास दत्तूचा सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. मी मजेत आहे. जेवतो पण.

रिटर्नचं म्हणशील तर ते वाटतं तितकं सोपं नाही. एक आकडा चुकला की नोटीस येते. मोबाईलवर चोर लय झालेत, कोण कुठून काय काढून घेईल सांगता येत नाही. शिवाय वकीलसाहेब जुन्या वळणाचे आहेत. मूळ कागद हातात घेतल्याशिवाय कामाला लागत नाहीत, म्हणून मला स्वतः यावं लागतं. त्यात तकलीफ कसली? आठ तारखेचा सोमवार मी धरून ठेवलाय. सकाळच्या गाडीनं निघतो. कागद जमवून ठेव. शेंगदाण्याची चटणी करणार असशील तर कर, माझ्यासाठी मुद्दाम नको.

दाजींच्या फोटोला नमस्कार. बालाजीला, सूनबाईला आशीर्वाद. ओढ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
दत्तू


ताडकळस,
२७ जून २०२४

चि. दत्तूस आशीर्वाद. वि. वि. तू नोटिशीचं भ्या घातलंस, पण मला काय चैन पडंना. शेजारी परमेश्वर मास्तर हायेत, रिटायर झालेले. ते आपला रिटर्न आपणच भरतात म्हणून कळलं. म्हणलं, मला बघू द्या. मी खुर्ची ओढून बसले.

काय सांगू दत्तू! पासबुक सोडलं तर मास्तरांनी एक कागद काढला न्हाई. मोबाईलवर रिटर्न उघडला तर त्यांची पेन्शन, बँकेचं व्याज, कापलेला टॅक्स, सगळं आधीच लिहून ठेवलेलं. मास्तरांनी पासबुकाशी ताडून बघितलं आन पुढं सरकले. मी विचारलं, सरकारला कुणी सांगितलं? ते म्हणले, बँकच कळवती. मी म्हणलं, चुकलं तर? ते म्हणले, नीट करून परत भरता येतंय. मी इतकं विचारलं की मास्तरीणबाई चहा ठेवायचं विसरल्या.

मग मला सांग, तुझा वकील दरसाल माझी मूळ कागदं कशाला मागतोय? काहीतरी काळंबेरं हाय. तू साधा माणूस, तुला फिरवायलाय तो. तू काय बोलायचा न्हाईस, मी ओळखून हाय. म्हणून आठ तारखेच्या सोमवारी मीच प्रियांकाला घेऊन परभणीला जाते आन त्याला समोर बसवून विचारते. पत्ता धाड.

तुझी बाजू घ्यायला आक्का अजून हाय, येवढं ध्यानात असू दे.

आक्का


जिंतूर,
१ जुलै २०२४

ती. आक्कास सा. न. वि. वि. कृपा करून परभणीला जाऊ नकोस. वकीलसाहेब सध्या गावात नसतात. भले माणूस आहेत, त्यांच्याबद्दल मनात काही आणू नकोस. मी त्यांना पासवर्ड विचारून घेतला. इंग्रजीत शेवंती लिहायचं, पहिलं अक्षर मोठं, पुढं ॲटची खूण, मग १९६८. तुझं तू भर, सूनबाई हुशार आहे.

म्हणजे यंदा माझं काही काम राहिलं नाही. आठ तारखेचं रद्द समज. चटणी करू नकोस.

इथं सगळं बरं आहे. पोरं पुण्याला, त्यांना सुट्टी नसते. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लावतो. ऐकू येत नाही, पण घरात कुणी बोलायलंय असं वाटतं.

नेहमीसारखी आठवण काढत जा.

दत्तू


ताडकळस,
५ जुलै २०२४

चि. दत्तूस आक्काचे आशीर्वाद. वि. वि. पासवर्ड लागला. रिटर्न भरला. भाकरी भाजायला याच्यापरीस जास्त येळ लागतोय.

पण दत्तू, पासवर्ड मी दोनदा वाचला. शेवंती आपली म्हैस, अडुसष्ट साली घरी आलेली. माझ्यामागं शाळेपस्तोर यायची आन तुला शिंगं दाखवायची. परभणीच्या वकिलाला तिचं नाव कसं माहीत? मी काय विचारायले न्हाई. तूबी सांगू नको.

आता एक अडचण आलीय. भरला तरी रिटर्न पक्का झालेला न्हाई. शेवटाला आधारच्या मोबाईलवर एक नंबर येतोय, तो लगोलग टाकावा लागतोय. माझ्या आधारला मोबाईल तुझा हाय. प्रियांका म्हणली, मामा नंबर मेसेजनं धाडतील. मी म्हणलं, मला मेसेज वाचता येत न्हाई. ती माझ्या तोंडाकडं बघायली. मग म्हणली, सही करून कागद पोस्टानं बेंगळुरूला धाडला तरी चालतंय. म्हणलं, माझा पोस्टावर भरवसा न्हाई. आता हे पत्र तीच पोस्टात टाकणार हाय, हसत असंल तर हसू दे.

तवा मोबाईल घेऊन तूच ये. मुदत महिन्याची हाय, पण मला महिना थांबवू नको. कपडे दोन-चार जोड आण. नंबर टाकला की त्याच दिवशी माघारी जायचं असं सरकारनं कुठं लिहिलेलं न्हाई, मी मास्तरांना विचारून घेतलंय.

प्रियांका म्हणती, आधारला तुमचाच मोबाईल जोडून टाकू, दरसालची कटकट जाईल. मी तिला साफ न्हाई म्हणलं.

वाट बघायले.

आक्का