न धुतलेला रोल आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणार, धंद्याने फोटोग्राफर, आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली नव्हे तर राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. हात मात्र कापतात, म्हणून अक्षराला कोणी हसू नये.

घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. तिला घरातून कोणी हलवू नये आणि शहाणपण शिकवायलाही जाऊ नये. न्हाणीघराची डार्करूम करून मी तिला जन्मभर बादली घेऊन ताटकळत ठेवलं. खिडकीला फासलेला काळा रंग तिने आता खुशाल खरवडून काढावा.

एन्लार्जर, ट्रे आणि लाल दिवा कॉलेजच्या फोटो क्लबला द्यावेत. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना काहीही देऊ नये. फोटो धुताना लागणाऱ्या हायपोच्या वासाने डोकं उठतं म्हणून त्यांनी इमारतभर बोंब मारली, आणि घरच्या सगळ्यांचे फोटो मात्र माझ्याकडून फुकट काढून नेले!

आता रोल. कपाटाच्या वरच्या फळीवर, काळ्या डबीत आहे. तो माझ्या मुलीच्या कॅमेऱ्यातला. सहलीहून परतताना गाडीला अपघात झाला. कॅमेरा घरी आला, ती आली नाही. घर माणसांनी भरलं होतं. माझ्या धाकट्या भावाने माझ्याबरोबर स्टुडिओत आयुष्य काढलं, "मागचं झाकण उघडू नका" असं दर गिऱ्हाइकाला बजावलं. त्यानेच त्या दिवशी रडत रडत कॅमेरा उचलला आणि झाकण उघडलं. मी ओरडलो. त्याने लगेच मिटलं, पण शेवटी काढलेले फोटो गुंडाळीत सगळ्यांत बाहेर असतात, उजेड आधी त्यांनाच गाठतो. माझ्या लेकीने शेवटचं काय पाहिलं, ते गेलं. मी त्याला म्हणालो, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." त्या गाढवाने माझं ऐकलं.

आतले फोटो वाचले असतील. पण फिल्म जुनी झाली की ती धुण्याचा वेळ बदलतो, आणि चुकलं तर दुसरी संधी नाही. म्हणून लेकीच्याच खोक्यातले उरलेले रोल घेऊन मी चाचण्या सुरू केल्या. ही, म्हणजे माझी पत्नी, खिडकीत बसायची. मी उजेड कमीजास्त करून फोटो काढायचो, फिल्मचे तुकडे करायचो, एक तुकडा डेव्हलपरमध्ये कमी वेळ, दुसरा जास्त वेळ. कमी पडला तर चेहरा उमटत नसे, जास्त झाला तर फिल्म काळीकुट्ट. बरोबर वेळ केव्हाच सापडला. तरी मी म्हणायचो, "अजून एकदा बघू."

परवा ही खिडकीतून उठली. "अहो, पुरे आता," म्हणाली. "तुम्हाला तो धुवायचाच नाहीये. आणि उद्या मीच आधी गेले तर? मला बघायचेत हो. कसेही आले तरी बघायचेत."

खोटं कशाला लिहू? तो रोल धुतला की लेकीचं नवं असं काही पाहायचं उरणार नाही, याची मला भीती वाटते. आणि आता धुवायचं म्हटलं तरी या हातांनी फिल्म रिळावर चढत नाही. मिट्ट काळोखात ते काम करण्यात माझ्या भावाचा हात धरणारा कोणी नाही. म्हणून हा रोल, धुण्याची टाकी आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी मी त्याला देत आहे. त्याने रोल धुवावा आणि जे निघेल ते आधी वहिनीच्या हातात द्यावं. कोरा निघाला तरी त्याला कोणी बोल लावू नये.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. बाकीचं तसं होऊ दे. एवढ्या एका गोष्टीला हिला धीर नाही, आणि मलाही राहिलेला नाही. म्हणून याची एक प्रत आजच भावाकडे पाठवत आहे. अरे, मी आहे तोवर ये.

साक्षीदार: १. समोरचे औषधवाले (सही) २. तळमजल्यावरचे शिंपी (सही)
भावाची सही घेतलेली नाही. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही म्हणे.

स्थळ: राहतं घर
दिनांक: आजचा, रविवार

लिहून देणार,
तुझा दादा