मधुराचा अर्ज आणि शुक्रवारचे पाच

मंगळ., ४ मार्च
प्रॅक्टिसला मला धरून चार जणी. चार! गेलिक फुटबॉलला, म्हणजे हातापायाने खेळायच्या या आयरिश खेळाला, आमच्या लीगमध्ये नऊ लागतात. उरलेल्या पाच त्यांच्या गावच्या, कापेलच्या, नव्या क्लबात चालल्यात, हे मला मैदानात उभ्या उभ्या व्हॉट्सॲपवर कळलं. मेसेज मधुराचा. "ताई, रागावू नकोस हं." रागावू नको म्हणे! इथे हॉलंडात गणपतीच्या आरतीला एकेकीला गाठून, शाळेत खो-खो खेळलीस का, कबड्डी खेळलीस का विचारत या मुली मी जमवल्या. मधुराला तर चेंडू पायाने हातात कसा उचलायचा इथपासून शिकवलं. तेही माझे बूट देऊन.

फर्गल, आमचा आयरिश कोच, म्हणाला, लोक येतात, जातात. त्याचं बरंय. लायडनला येऊन डिग्री घेऊन पसार होणारे किती बघितलेत त्याने. माझं डोकं फिरलंय.

गुरु., ६ मार्च
पाचही जणींचे ट्रान्सफरचे अर्ज आले. क्लबची सेक्रेटरी मीच! मी मंजूर केल्याशिवाय कापेलकडून एकीलाही खेळता येणार नाही. मुदत पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. चुकली की अख्खा सीझन घरी. वाचून इतकं बरं वाटलं की लॅबमध्ये एकटीच हसले.

रवि., ९ मार्च
बाजारात ऋता भेटली, पाचातली एक. कडेवर पोरगी. तोंड चुकवत होती, मीच आडवी गेले. म्हणाली, "मंगळवारी साडेसहाला कापेलहून इथे यायचं, मुलांना कोण बघणार? मधुरा तीनदा म्हणाली ना तुला, शनिवार करू म्हणून."

म्हणाली होती. तीनदा नाही म्हटलं मी, कारण शनिवारी मला उशिरापर्यंत झोपायचं असतं. चूक माझी, कबूल. म्हणून राग कमी झाला का? छे! वाढला.

बुध., १२ मार्च
चौघींचे मंजूर केले. मधुराचा ठेवला. बस म्हणावं आता बाहेर, बाटल्या भरत. फर्गलला बोलले नाही.

शुक्र., १४ मार्च
मधुराचा फोन. भांडायला तयार होऊनच घेतला. तर ही म्हणते, "ताई, चौघींचं झालं, माझा राहून गेला वाटतं. तुझ्यामागे काय कमी कामं असतात!" टोमणा शोधला मी तिच्या आवाजात. नव्हता. "जूनअखेर आम्ही कायमचे पुण्याला चाललो गं. खेळायला मिळतील ते एवढेच तीन महिने."

"बघते," म्हटलं.

भांडली असती तर सोपं होतं. बया भांडतही नाही धड.

चार चाळीस झालेत. अर्ज समोर उघडा आहे. राग गेलेला नाही.