नव्या रागातला निषाद

बनारस, रविवार संध्याकाळ, डिसेंबर १९९५

पुण्याहून आलेल्या त्या गवयाने म्हणे नवा राग बांधलाय. मेधाला त्याच्याकडे शिकायला पुण्याला जायचंय, म्हणून आज बालाजी घाटावरच्या बैठकीला मुद्दाम गेले. एकुलती एक मुलगी अशी कुणाच्याही हवाली करू?

ऐकला. मला तर तो सरळ बागेश्रीच वाटला, उतरताना फक्त शुद्ध निषाद घुसवलेला. एका निषादावर नवा राग? लोक मात्र माना डोलावत होते.

बैठक उठल्यावर मी तोंडावरच विचारलं, "हा निषाद कशाला?"

तो चिडला नाही. म्हणाला, "ताई, मलाही अजून खात्री नाही. ठेवू की काढू?"

मला खूश करायला बघतोय का? मी म्हटलं, "काढा."

त्याने लगेच तानपुरा जवळ ओढला आणि तो निषाद टाळून सगळी बंदिश पुन्हा गायली, डोळे मिटून. मग मान हलवली. "नाही ताई. आता नुसता बागेश्री झाला. राहू दे निषाद."

चारचौघांत! चीड आली. पण माझं ऐकलं, गाऊन पाहिलं आणि मगच नको म्हणाला. खुशामत करणारा असं करत नाही. की हीसुद्धा एक तऱ्हाच?

घाटाच्या पायऱ्या चढताना मेधा म्हणाली, "आई, सच बोल, पसंत आया ना?"

"राग नाही आवडला," मी म्हटलं. "तू जा. पण पहिला महिनाभर मी तिथे येऊन बसणार आहे."